दिवसा कायोटीच्या शिकारीसाठी रायफलचा टेकू कसा निवडावा

कायोटी म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला उत्तर अमेरिकेतला रानटी प्राणी. त्याच्या शिकारीला पहिल्यांदा निघणारा माणूस सगळे पैसे रायफल आणि स्कोपवर (रायफलवर बसवायच्या दुर्बिणीवर) घालतो. टेकूची आठवण त्याला बिल करताना होते, आणि मग काउंटरजवळ जो लटकलेला दिसेल तो उचलून तो घरी येतो. पुढचं सगळं त्या माणसासाठी आहे. डोळ्यासमोर टेक्सास आहे, कारण डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनच्या आसपास राहणारे बरेच मराठी लोक एखाद्या रँचवाल्या सहकाऱ्याच्या आमंत्रणावरून या नादाला लागतात. भारतातल्या वाचकांनी हे नुसतं माहितीसाठी वाचावं. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे, त्यामुळे कोल्ह्या-लांडग्याच्या शिकारीचा विषयच संपतो.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. दुकानातल्या सपाट फरशीवर सगळेच टेकू स्थिर असतात. दिवसाउजेडी कायोटीसमोर उपयोगी पडतो तो टेकू, जो तुमच्या बसण्याच्या उंचीला जुळतो आणि ज्यावर रायफल आवाज न करता, फार हालचाल न दिसता वळवता येते. दगडासारखी स्थिरता मिळाली तर उत्तमच, पण तिचा नंबर या दोन्हींच्या नंतर.

टेकूच्या आधी कागदपत्रं

अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, भेटीला आलेल्या आईवडिलांचा बी-टू, सगळे त्यात आले. जे मोजके अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकार लायसन्स. मित्राची रायफल 'जरा बघू' म्हणून हातात घेणंही 'जवळ बाळगणं' ठरू शकतं, म्हणून आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. व्हिसावर असाल आणि रायफल घरात असेल तर १ सप्टेंबरची सकाळ नवं लायसन्स नसताना उजाडता कामा नये. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची अट नाही. आपल्या बाबतीत थोडीही शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. त्याची फी टेकूपेक्षा जास्त पडेल, पण ती वाचवू नका.

२ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला टेक्सासात हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. कायोटीला तिथे बंद हंगाम नाही, वर्षभर शिकार चालते. जमीन मात्र जवळजवळ सगळी खासगी आहे, तेव्हा मालकाची परवानगी हवीच, आणि ती लेखी घेतलेली बरी. दुसऱ्या राज्यात गेलात की नियम नव्याने वाचा. कॅलिफोर्नियात उदाहरणार्थ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या चालत नाहीत.

समोर काय येणार आहे

टेकू निवडायचा तर आधी प्राणी नीट समजून घ्या. टेक्सासातला पूर्ण वाढलेला कायोटी साधारण ११ ते १८ किलोचा असतो. हिवाळ्यात केस फुगले की तो याच्या दीडपट दिसतो आणि नवख्याची तिथेच फसगत होते. केसांच्या आत, पुढच्या पायांच्या मागे हृदय आणि फुप्फुसांची जी जागा आहे ती जेमतेम चार इंच रुंद. सीडीपेक्षाही लहान.

आता हिशेब करा. नेमबाजीत कोनाचं माप एमओए या एककात सांगतात. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर जेमतेम एका इंचाहून थोडं जास्त, २०० यार्डांवर त्याच्या दुप्पट. म्हणजे २०० यार्डांवर चार इंचाची जागा ही सुमारे दोन एमओए झाली. तुमची रायफल आणि काडतूस मिळून एक एमओए खाणार. उरलेल्या एका एमओएत तुमचा श्वास, नाडीचे ठोके, बोटाचा झटका आणि वारा, सगळं बसवायचं आहे. बिनटेकूने जमिनीवर बसून धरलेला नेम नवख्याच्या हातात १०० यार्डांवरच सहज सहा-आठ इंच भटकतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, तिथे रायफलखाली टेकू नसतो हे खरं. पण त्यामागे वर्षानुवर्षांची रोजची मेहनत आहे. आपण शनिवार-रविवारची माणसं. टेकू घ्यायला लाजू नये. जखमी होऊन निसटलेला कायोटी कुठल्या तरी झुडपात तडफडत मरतो, आणि त्याची जबाबदारी चाप ओढणाऱ्यावर असते.

दिवसाच्या शिकारीची पद्धत अशी: वारा बघून एखाद्या झुडपाला पाठ लावून बसायचं, सशाच्या किंकाळीचा आवाज तोंडाच्या शिट्टीने किंवा इलेक्ट्रॉनिक कॉलरने (प्राण्यांचे आवाज वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरने) काढायचा, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. नाही आला तर उठून पुढच्या जागी. येतो तेव्हा कायोटी बऱ्याचदा धावत येतो, आणि शेवटच्या टप्प्यात वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो, म्हणजे आवाजाच्या जागेचा वास त्याच्या नाकाकडे येईल असा. तुम्ही समोर बघत असता आणि तो डावीकडून ४० यार्डांवर उगवतो. किंवा २०० यार्डांवर उभा राहून नुसता बघत बसतो. टेकूला हे दोन्ही प्रसंग निभावता आले पाहिजेत.

रात्रीच्या शिकारीचे व्हिडिओ बघून उंच ट्रायपॉड घेणारे इथेच चुकतात. रात्री अंधार तुम्हाला लपवतो. थर्मल स्कोप (अंगाची उष्णता दाखवणारा) लावून उभं राहून गोळी झाडता येते, म्हणून तिथे उंच ट्रायपॉड चालतो. दिवसा उभा माणूस कायोटीला लांबूनच दिसतो. दिवसाचा टेकू हा बसलेल्या माणसाचा टेकू असतो.

पहिली पायरी: बसा आणि मोजा

दुकानात जाण्याआधी घरी, जमिनीवर हे करा. रायफल रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. शिकारीला नेणार तीच गादी घ्या, कारण दोन इंचाच्या गादीने माप बदलतं. पाठ भिंतीला लावा.

आता जसे रानात बसाल तसे बसा. अमेरिकन मंडळी बहुधा गुडघे वर घेऊन, टाचा रोवून बसतात, कारण मांडी घातली की त्यांचे पाय पाचव्या मिनिटाला तक्रार करतात. पंगतीत बसायची सवय असलेल्याला मांडी घालून वीस मिनिटं सहज काढता येतात आणि त्यात फायदा आहे: बसणं एक-दोन इंच खाली येतं, झुडपाच्या सावलीत जास्त लपता येतं, आणि दोन्ही कोपरं मांड्यांच्या आतल्या बाजूला टेकतात. पण सवय सुटली असेल तर उगाच हट्ट नको. मुंग्या आलेल्या पायांनी कोणाचा नेम लागत नाही.

डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मान ताठ किंवा वाकडी न करता आरामात थांबा. डोळे उघडा. स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसत असेल तर ही तुमची नैसर्गिक उंची. घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून पुढच्या दस्त्याच्या (नळीखालच्या, हाताने धरायच्या भागाच्या) तळापर्यंत टेपने मोजायला सांगा. बहुतेकांचं माप २० ते २८ इंचांच्या मध्ये कुठेतरी येतं. तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. गुडघे वर घेऊन आणि मांडी घालून, दोन्ही मापं घ्या.

टेकू या मापापेक्षा उंच असेल तर खांदे कानाकडे चढतात आणि दस्ता खांद्यावर निम्माच बसतो. ठेंगणा असेल तर मान मोडून खाली बघावं लागतं, आणि दहा मिनिटांनी तुम्ही रायफल सोडून इकडेतिकडे बघायला लागता, जे दिवसा करायचं नसतं. मधल्या मापापेक्षा तीन-चार इंच वर आणि तीन-चार इंच खाली सरकणारा टेकू हवा, कारण रानात जमीन कधी सपाट नसते. कधी उतारावर बसाल, कधी पाय खळग्यात जातील.

दुसरी पायरी: कुठे बसणार

जमीन ठरवते की टेकू जड चालेल की हलका. पश्चिम टेक्सासातल्या सॅन अँजेलोच्या आसपासचा मुलूख मेंढ्या-शेळ्यांचा. तिथे मेस्किट, निवडुंग आणि ज्यूनिपरची झुडपं दाट आहेत. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी नातेवाईक, काटेही तसेच. अशा झाडीत नजर ६०-८० यार्डांपलीकडे क्वचित जाते, कायोटी अचानक उगवतो, आणि लांब पायांचा टेकू वळवताना फांदीत अडकतो. इथे चपळाईला महत्त्व.

उत्तरेला टेक्सासच्या पॅनहँडल भागात गव्हाची शेतं आणि उघडी गवताळ जमीन. दोन-तीनशे यार्डांवरून कायोटी दिसतो, तो यायला वेळ लागतो, तुम्हाला तयारीला वेळ मिळतो. तिथे जड, पक्का टेकू परवडतो. ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात दोन्ही परिस्थिती एकाच सकाळी भेटतात, आणि त्या बाजूला आणखी एक सांभाळायचं असतं: तिथे मेक्सिकन ग्रे वुल्फ फिरतात, त्यांना फेडरल संरक्षण आहे. टेक्सासात मेंढ्यांची राखण करणारे पांढरे ग्रेट पिरेनीज कुत्रे आवाजाला उत्सुकतेने येतात. ओळख पटवायला दुर्बीण ठेवा. भरलेल्या रायफलीचा स्कोप हे बघायचं साधन नव्हे.

गाडीपासून किती चालणार हेही इथेच ठरवा. दिवसभरात सहा-आठ जागा बदलायच्या तर प्रत्येक वेळी रायफल, कॉलर, गादी, पाणी आणि टेकू उचलून न्यायचा असतो. चार किलोचा ट्रायपॉड पहिल्या जागी मस्त वाटतो. पाचव्या जागी तो गाडीत राहतो.

तिसरी पायरी: चार प्रकारांतला कोणता

*फुलीच्या काठ्या.* दोन काठ्या, वरच्या टोकाजवळ एक खिळा, उघडल्या की फुली. अठराशे सत्तरच्या दशकात मैदानी प्रदेशातले बायसनचे शिकारी जड शार्प्स रायफली अशाच काठ्यांवर ठेवायचे. दीडशे वर्षांत यात सुधारणा करण्यासारखं फार थोडं सापडलं आहे. वजन नगण्य, आवाज नाही, वळायचं झालं तर एक काठी उचलून दोन इंच सरकवली की झालं. स्थिरता मध्यम: वर-खालची थरथर बरीच थांबते, डावी-उजवी थोडी उरते. दीडशे यार्डांच्या आत हे पुरतं.

नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी काही विकत घ्यायचीही गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंच जाडीचे दोन गोल लाकडी दांडे आणा. लांबी तुमच्या मोजलेल्या उंचीपेक्षा सहा इंच जास्त ठेवा. माप २४ असेल तर ३० इंच. वरच्या टोकापासून चार इंचांवर दोन्हींना भोक पाडा, पाव इंची बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर, आणि आत नायलॉनची चकती असलेला नट, म्हणजे उघड-मीट करताना ढिला होणार नाही. फुलीच्या वरच्या खाचेला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळा. त्यामुळे रायफल सरकत नाही आणि लाकडावर धातू वाजत नाही. दांड्यांना मातकट रंग द्या, चकचकीत वॉर्निश नको. पाय जास्त फाकवले की उंची कमी होते, जवळ आणले की वाढते; इंच-दोन इंचांचा फरक असा जागेवरच काढता येतो.

वापरताना काठ्यांचे पाय थोडे पुढे रोवा आणि फुली तुमच्याकडे कललेली ठेवा. डाव्या हाताने फुली आणि पुढचा दस्ता एकत्र धरून हलकंसं मागे ओढा. काठ्या जमिनीत रुततात आणि सगळं एकजीव होतं. उभ्या सरळ रोवलेल्या काठ्या पुढे-मागे डुलत राहतात. व्हिडिओत बहुतेक जण हे दाखवत नाहीत.

*उंची बदलणाऱ्या दुकानातल्या काठ्या.* प्रायमॉस कंपनीची ट्रिगर स्टिक सगळ्यांना माहीत आहे: मुठीतला खटका दाबला की पाय सरकतात, सोडला की तिथेच अडकतात. दोन आणि तीन पायांच्या, बुटक्या आणि उंच अशा आवृत्त्या मिळतात. उतारावर बसताना एका हाताने उंची बदलता येते ही सोय खरोखर मोठी आहे. तोटा असा की आतल्या नळीत वाळू गेली की खटका चिकटतो, आणि घाईत दाबला गेला की सगळे पाय एकदम खाली सुटतात. घेणार असाल तर बुटकी आवृत्ती घ्या. उंच आवृत्ती पूर्ण मिटवूनही तुमच्या मापापेक्षा जास्त भरते का हे टेप लावून बघा. बसून शिकार करणाऱ्याच्या हाती ती चुकीची पडण्याची शक्यता जास्त.

*रायफलला जडवलेला बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू.* केंटकीतल्या बार्लो गावच्या हॅरिस कंपनीचे बायपॉड वर्षानुवर्षं चालत आलेले आहेत. त्यांचा ६ ते ९ इंचांचा बायपॉड पालथं झोपून नेम धरण्यासाठी आणि १३.५ ते २७ इंचांचा बसून. फायदा एवढा की टेकू कधी गाडीत विसरत नाही. पण रायफलच्या पुढच्या टोकाला वजन वाढतं, आणि मुख्य म्हणजे कायोटी बाजूला वळला की दोन्ही पायांसकट रायफल उचलून पुन्हा रोवावी लागते. चाळीस यार्डांवरच्या कायोटीला ही हालचाल दिसतेच. उघड्या गव्हाच्या शेतात, उतारावर पालथं पडून, मागच्या दस्त्याखाली वाळूची छोटी पिशवी घेतली तर मात्र छोट्या बायपॉडइतकं स्थिर दुसरं काही नाही. झुडपांच्या मुलखात मी तो काढून ठेवायला सांगेन. विकत घेतलाच तर कलणारा प्रकार घ्या, म्हणजे एक पाय खड्ड्यात गेला तरी रायफल सरळ करता येते.

*पकड असलेला ट्रायपॉड.* बॉग कंपनीचा डेथग्रिप किंवा त्यासारखे: वर रबरी जबडा, त्यात पुढचा दस्ता आवळून बसवायचा, आणि रायफल हात सोडला तरी जागच्या जागी. ज्यांच्याकडे कॅमेऱ्याचा चांगला ट्रायपॉड आहे ते त्यावर बॉल हेड (सगळीकडे वळणारा गोल सांधा) आणि जबडा किंवा कॅमेऱ्यासाठी असते तशी आर्का पद्धतीची पट्टी लावून हेच साधतात. फोटोग्राफीचा नाद असलेल्या घरात हा खर्च निम्मा आधीच झालेला असतो.

बसून नेम धरताना स्थिरतेत याला तोड नाही. दोनशे यार्डांच्या पुढे, किंवा सोबत शिकणारं मूल असेल तर हाच घ्यावा. पंधरा मिनिटं रायफल उचलून धरावी लागत नाही, हात मोकळे राहतात, हालचाल कमी होते. पण वजन चार किलोच्या आसपास, आणि सांध्यांचा ताण नीट लावला नाही तर रायफल एकतर अडकून बसते किंवा तिची नळी खाली कोसळते. ताण इतकाच ठेवा की दोन बोटांनी ढकललं तर वळेल आणि सोडलं तर थांबेल. तीन पायांपैकी एक पाय पुढे, निशाण्याच्या दिशेने, आणि दोन तुमच्या गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना. उलटं ठेवलंत तर एक पाय नेमका तुमच्या पोटाशी येतो आणि वळताना गुडघा आपटतो. वाऱ्यात रायफल जबड्यात अडकवून उठून जाऊ नका. वरचा भार जास्त असल्याने सगळं आडवं होतं.

पाचवा प्रकार म्हणजे फुकटचा: पाठीवरची सॅक, कुंपणाचा खांब, स्वतःचा गुडघा. टेकू तुटला किंवा विसरला तर उपयोगी. खांबावर नळी कधीच टेकवू नका, नेहमी पुढचा दस्ता, आणि मध्ये हात किंवा टोपी. कडक वस्तूवर टेकलेली नळी गोळी सुटताना उसळते आणि गोळी दुसरीकडेच जाते.

चौथी पायरी: घरी आणि रेंजवर तपासा

घरी आणलेला टेकू महिनाभर रोज पाच मिनिटं रिकाम्या रायफलीने वापरा. काडतुसांचे नियम वर सांगितलेच. शिवाय नळीसमोर विटांची किंवा काँक्रीटची भिंत असू द्या, अपार्टमेंटची पातळ जिप्समची भिंत नको. भिंतीवर तीन कागद लावा: एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. हात मांडीवर, रायफल टेकूवर, असं बसा. कुणाला तरी 'डावा' म्हणायला सांगा. पाच सेकंदांत वळून नेम स्थिर होतो का? आणि किती आवाज झाला? धातूचे पाय एकमेकांवर वाजले तर तिथे कापडी चिकटपट्टी गुंडाळा.

इथेच एक गोष्ट लक्षात येईल. उजव्या हाताने नेम धरणारा बसल्या जागेवरून डावीकडे भरपूर वळू शकतो, उजवीकडे जेमतेम. म्हणून रानात बसताना छाती कायोटी येण्याच्या दिशेला सरळ ठेवू नका. उजवीकडे साधारण ४५ अंश फिरवून बसा, म्हणजे डावा खांदा त्या दिशेला राहील. डावखुऱ्यांनी याच्या उलट. कितीही महाग टेकू घ्या, छाती चुकीच्या दिशेला असेल तर तो काही करू शकत नाही.

मग रेंज. शहराजवळच्या पुष्कळ रेंजवर फक्त टेबलावरून नेम धरू देतात, जमिनीवर बसू देत नाहीत. आधी फोन करून विचारा, नाहीतर रँचवर मालकाला विचारून मातीचा उंच बांध पाठीमागे असेल अशी जागा शोधा. १०० यार्डांवर चार इंचाचं वर्तुळ, जमिनीवर बसून, त्याच टेकूवरून पाच गोळ्या. पाचही आत हव्यात. झाल्या की १५० यार्ड. ज्या अंतरावर पाचपैकी एक बाहेर जाते त्याच्या अलीकडे तुमची शिकारीची मर्यादा.

रायफलचा झीरो, म्हणजे स्कोपमधला नेम आणि गोळी लागण्याची जागा यांचा मेळ, तोही टेकूवरूनच तपासा. टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर जुळवलेली रायफल बायपॉडवर किंवा घट्ट जबड्यात थोडी वेगळीकडे मारू शकते. स्वस्त प्लास्टिकचा दस्ता आवळल्यावर वाकतो आणि नळीला टेकतो, हे त्याचं नेहमीचं कारण. एक डॉलरची नोट नळी आणि पुढच्या दस्त्याच्या मधून सरकवून बघा. रायफल टेकूवर बसवल्यावर नोट अडकली तर जबडा मागे, मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) जवळ घ्या. टेकू पुढे घेतला की नेम जास्त स्थिर आणि वळणं अवघड, मागे घेतला की वळणं सोपं. झाडीत मागे, उघड्यावर पुढे.

पाचवी पायरी: रानात मांडणी

बसल्याबरोबर टेकू उभारा, रायफल त्यावर ठेवा आणि नळी वाऱ्याच्या खालच्या बाजूकडे रोखा, कारण बहुधा तिथूनच तो येणार. कॉलर स्वतःपासून ३०-४० यार्ड लांब ठेवा, म्हणजे कायोटीचे डोळे तिकडे राहतील. सूर्य पाठीशी, तुम्ही सावलीत.

नंतर स्कोपमधून बघा, आणि मग मान बाजूला काढून नळीच्या रेषेत बघा. स्कोप नळीपेक्षा दीड-दोन इंच वर असतो. स्कोपमध्ये मोकळं दिसतं आणि नळीसमोर मात्र दगड किंवा मेस्किटची फांदी असते, हे बुटक्या टेकूवर फार घडतं. फांदी आत्ताच तोडा, कायोटी दिसल्यावर नाही.

बसून झाडलेली गोळी जवळपास आडवी जाते. .२२३ सारखी बारीक गोळीसुद्धा दीड-दोन मैल जाऊ शकते. म्हणून बसताना थोडी चढावरची जागा निवडा, म्हणजे गोळी जमिनीकडे उतरेल. टेकाडाच्या माथ्यावर, आकाश पाठीमागे असलेला कायोटी कितीही सोपा दिसला तरी सोडून द्या. दोघं असाल तर कोण कुठल्या बाजूचं बघणार हे बसण्याआधी ठरवा आणि टेकू अशा अंतरावर ठेवा की वळताना एकाची नळी दुसऱ्याकडे येणारच नाही.

कायोटी धावत येत असेल तर त्याच्यामागे नेम फिरवत बसू नका. टेकूवरून थोडा पुढचा मोकळा पट्टा धरा आणि तो तिथे पोचताना तोंडाने एकदा 'वूफ' करा. बहुतेक वेळा तो दोन-तीन सेकंद थांबून बघतो. टेकू आधीच लागलेला असल्याने तेवढा वेळ पुरतो. थांबला नाही तर जाऊ द्या.

जागा बदलताना आधी रायफल रिकामी करा, मग जबड्यातून काढा, मग ट्रायपॉड मिटवा. भरलेली रायफल ट्रायपॉडवर तशीच ठेवून खांद्यावर मारून चालणारे लोक दिसतात. त्यांच्या पुढे चालू नका. बसायच्या जागी काठी फिरवून बघा. टेक्सासात रॅटलस्नेक साधारण मार्च ते ऑक्टोबर बाहेर असतात, आणि उन्हाच्या हिवाळी दुपारीही कधी दिसतात. लाल मुंग्यांची वारुळं मात्र बाराही महिने.

जुना टेकू घेताना

जुन्या मालात ट्रायपॉड स्वस्तात मिळतात, कारण हौसेने घेऊन वजनाला कंटाळलेले लोक पुष्कळ. पाहताना तिन्ही पाय पूर्ण ताणून वरून हाताने जोरात दाबा. एखादा सरकला तर कुलूप झिजलेलं आहे. जबड्याचं रबर निघालंय का, बॉल हेडमध्ये वाळू किरकिरते का हे बघा. हॅरिससारखा बायपॉड असेल तर स्प्रिंगा आणि पायांच्या खाचा तपासा. घरी आणल्यावर पाय सुटे करून कोरड्या ब्रशने साफ करा आणि सांध्यांना तेल लावू नका. तेलाला वाळू चिकटते, आणि पुढच्या खेपेला तेच पाय उघडताना किरकिरतात.